आव पडते तेव्हा

पोट बिघडलं हे चारचौघांत सांगायला कुणी लाजत नाही. पण शौचातून आव पडते म्हटलं की आवाज खाली येतो. आमच्या मामींचंही तसंच. पावसाळा लागला की बेलाचा मुरंबा, कुड्याच्या सालीचा काढा, ताकभात. तरी थांबलं नाही तर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मेट्रोनिडाझोल. जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फ्रीजवर पडून.

मोठ्या आतड्याचं अस्तर रोजच थोडा चिकट स्राव तयार करतं. मळ पुढे सरकायला तो लागतोच. एखाद्या दिवशी पांढरट, बुळबुळीत धागा दिसला म्हणून धास्ती नको. पण आतडं सुजलं की हा स्राव वाढतो. कारण अमिबा असेल, शिगेलासारखे जिवाणू असतील, नाहीतर आतड्याचा जुना दाह. नुसतं बघून ते कळत नाही. ताज्या मळाचा नमुना तपासावा लागतो.

मामींना एवढंच सांगितलं: आवेबरोबर रक्त, ताप किंवा जोराची कळ असेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर वाटच बघू नये. आव आठवडाभर रेंगाळली, वजन उतरू लागलं, रात्री शौचासाठी झोप मोडू लागली, तरीही जायचं.

"अगं, डॉक्टरांना असलं काय सांगायचं?" मामी म्हणाल्या.

रंग कसा, दिवसातून किती वेळा, रक्त आहे का, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या. हेच सांगायचं.