गार्डनरबाईंच्या वाड्यातून

प्रिय शालू,

काल लेकीनं मला इथे बॉस्टनमधल्या गार्डनर म्युझियमला नेलं आणि आधी तूच आठवलीस. बाहेरून साधी विटांची इमारत, आत शिरलं की व्हेनिसमधला वाडा! चार मजले, मधे चौक, वर काचेचं छप्पर. एप्रिल म्हणून सज्ज्यांतून नॅस्टर्शियमचे केशरी वेल वीस-वीस फूट खाली सोडलेले. तू तिथून हललीच नसतीस.

इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या बाईंनी हा वाडा आपल्या संग्रहासाठी बांधला. 1 जानेवारी 1903 च्या रात्री तो पाहुण्यांना उघडला, तोसुद्धा बॉस्टन सिम्फनीच्या वादकांच्या मैफलीनं. मृत्युपत्रात मात्र सक्त ताकीद: माझी मांडणी बदलायची नाही, बदललीत तर सगळं विकून पैसा हार्वर्डला. बाई 1924 साली गेल्या. मांडणी अजून त्यांचीच.

म्हणून तर त्या रिकाम्या चौकटी बघून पोटात कालवलं गं. 18 मार्च 1990 च्या पहाटे पोलिसांच्या वेशात दोघं आले आणि तेरा वस्तू घेऊन गेले. 1 कोटी डॉलरचं बक्षीस लावूनही एकही परत आलेली नाही. त्यांत चित्रकार व्हर्मीरचं 'द कॉन्सर्ट' होतं. घरातलीच तिघं जमून गातायत-वाजवतायत, असं चित्र. त्याची चौकट डच रूममध्ये खिडकीपाशी मेजावर तशीच आहे. माझा पाय निघेना.

मैफली पूर्वी वाड्यातच, टॅपेस्ट्री रूममध्ये व्हायच्या. आता वास्तुकार रेन्झो पियानो यांनी बांधलेल्या नव्या भागात होतात, 2012 पासून. तिथलं सभागृह तुला दाखवायलाच हवं! मधोमध वादक, चहूबाजूंनी श्रोते, वर तीन सज्जे आणि प्रत्येक सज्ज्यात खुर्च्यांची एकच रांग. तीनेकशे माणसं, तरी लांब असं कुणी नाहीच. कालच्या मैफलीत चेलो वाजवणारी मुलगी माझ्यापासून चार हातांवर. गज उचलण्याआधी ती श्वास घ्यायची, तो ऐकू यायचा. तुमच्या माडीवरच्या बैठकीची सवय असलेल्याला दुसरं काय हवं?

निघताना पुन्हा त्या चौकटीपाशी गेले. कानात अजून चेलोच.

चित्राची छापील प्रत सोबत पाठवतेय. उजवीकडे उभी आहे ती गाणारी, हात जरा उचललेला. तू गातेस, तुला कळेल: ती ताल धरतेय की वरचा स्वर सांभाळतेय? नीट बघून लगेच कळव.

तुझी,
मालू