अण्णांच्या पायाचे माप

मधुमेहाने अण्णांचे तळवे बधिर झाले. नव्या बुटातला खिळा दिवसभर रुतला, तरी त्यांना कळले नाही. रक्त मी पाहिले. कुष्ठरुग्णांच्या जखमाही बधिरपणामुळेच होतात, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले होते. घरात कॉलेज पाहिलेला मी एकटाच, म्हणून कारागीर निवडणे माझ्याकडे आले. भूमच्या बाजारात एका चकचकीत दुकानाने फक्त नंबर विचारला. म्हाताऱ्या चर्मकाराने आधी जखम पाहिली.

"ही भरू द्या. मग संध्याकाळी या, तेव्हा पाय सुजलेला असतो."

अण्णांना उभे करूनच त्याने कागदावर पाय रेखला. आत मऊ एम.सी.आर. रबर, खिळा एकही नाही. पैसे उसने आणले. आता रोज रात्री मी तळवे तपासतो. अण्णा संकोचाने पाय आखडून घेतात.