लायसन्स, दारू आणि वकील

पनवेल म्हणजे ड्रायव्हर लोकांचे गाव. कळंबोलीचा लोखंड बाजार, पुण्याचा द्रुतगती मार्ग, गोव्याचा रस्ता. ट्रक, टेम्पो, रिक्षा चालवून आमची कितीतरी माणसे इथे पोट भरतात. लायसन्स हीच त्यांची जमीन. म्हणून दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली की एकटा ड्रायव्हर नव्हे, सारे घर कोर्टात उभे राहते.

आमच्या शेजारच्या टेम्पोवाल्याला असेच रात्री नाक्यावर धरले. नळीत फुंकायला लावले, आकडा जास्त आला. सकाळी त्याची बायको कानातले गहाण टाकायला निघाली. कुणी एजंट भेटला होता, 'पैसे द्या, केस गायब करतो' म्हणाला होता. आम्ही म्हटले, "वहिनी, थांबा. केस गायब होत नसते, पैसे मात्र होतात. आधी वकील गाठू."

कायदा काय म्हणतो ते घरात प्रत्येकाला ठाऊक हवे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ पूर्वी हाच दंड जास्तीत जास्त दोन हजार होता. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड, किंवा दोन्ही. हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावे लागते. अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावे लागते. आणि 'गुन्हा कबूल' म्हणून घाईने सही केली की ती शिक्षा नावावर लागते. पुढच्या वेळी तीच अंगावर येते. म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवावा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही १९९० च्या दुरुस्तीपासून हा हक्क आहे. जातीचा दाखला तेवढा जवळ ठेवा. पनवेल कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे. १५१०० या नंबरवर फोनही करता येतो. आम्ही वहिनींना तिथेच नेले. वकील मिळाले, त्यांनी कागद तपासले. दंड भरावा लागला, पण तुरुंग टळला आणि कानातले कानातच राहिले.

अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता यावा, हा हक्क घटनेच्या कलम २२ मध्ये आहे. त्याचा मसुदा सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीपुढे खुद्द बाबासाहेबांनी मांडला. तो हक्क वापरण्यात लाज कसली?

पण बंधूंनो, वकील गाडीखाली सापडलेला माणूस परत आणू शकत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यालेल्या तरुणाची मोटार फुटपाथवर चढली. रस्त्याचे काम करून झोपलेले सात मजूर मेले, आठ जखमी झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. त्याच्याकडे मोटार होती, मेलेल्यांकडे फुटपाथ. त्या फुटपाथवर झोपणारे आपल्यासारखेच कष्टकरी होते. उद्या टेम्पो आपला असेल आणि झोपलेला माणूसही आपलाच.

पंचशीलातले पाचवे शील आपण दर कार्यक्रमात म्हणतो. ते विहाराच्या दारात चपलांबरोबर सोडून यायचे नसते, स्टिअरिंगपर्यंत न्यायचे असते. भगिनींनो, रात्री गाडीची चावी कुणाच्या हातात आहे याकडे तुम्हीही लक्ष ठेवा. केस झालीच तर हक्काचा वकील घ्या. पण ती होऊच नये, हे आपल्या हातात आहे.