दहा लिटरला किती?

मे २०२२ मध्ये अण्णा आणि आई इथे आले. विमानतळाबाहेर अण्णांनी माझा ट्रक बघितला, त्याला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या टायरला चपलेनं टिचकी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देतोय?"

एकतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हरकी केलेला माणूस दुसरं काय विचारणार!

आधी ट्रकविषयी सांगतो. मी राहतो पश्चिम टेक्सासात, मिडलंडला. हा सगळा तेलाचा मुलूख. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेल उपसणारे पंपजॅक नंदीबैलासारखे माना डोलवत असतात. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन कच्च्या तेलाचा वायदेभाव चक्क शून्याखाली गेला (पिंपामागे उणे ३७ डॉलर!). त्याच सुमाराला माझी नोकरीही गेली. मग तेलविहिरींवरचे मीटर तपासून द्यायचं काम स्वतःच सुरू केलं आणि अवजारं वाहायला हा जुना पिकअप घेतला.

पिकअप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भाजीचा छोटा टेम्पो आला असेल, तर तो विसरा. याला सहा लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. रिकामं वजन तीन टनांच्या आसपास. टाकी ३६ गॅलनची, म्हणजे १३६ लिटरची. गंमत म्हणजे इथे नव्या मोटारीच्या काचेवर ॲव्हरेजचा सरकारी आकडा चिकटवलेला असतो, पण मालासकट ८,५०० पौंडांच्या (सुमारे ३,८५५ किलो) वर क्षमता असलेल्या पिकअपला तो नियम लागूच नाही. म्हणजे विकत घेणाऱ्यानं विचारायचं नाही आणि विकणाऱ्यानं सांगायचं नाही!

"अकरा," मी म्हणालो.

"अकरा? बरा हाय की मग."

"मैल, अण्णा. गॅलनला."

घरी येईपर्यंत त्यांनी मैल आणि गॅलन समजावून घेतले आणि मनातल्या मनात हिशोब केला. एस.टी.त ॲव्हरेज दहा लिटरवर मोजतात. "दहा लिटरला सत्तेचाळीस," ते म्हणाले. "माझी कराड-चिपळूण गाडी कुंभार्ली घाट चढून एवढंच द्यायची. पण माझ्यामागं पन्नास माणसं असायची. तुझ्यामागं कोण असतंय?"

मी गप्प बसलो. काय बोलणार?

त्या जूनमध्ये अमेरिकेतल्या पेट्रोलचा सरासरी भाव इतिहासात पहिल्यांदा गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला. आमच्याकडे थोडा कमी होता, ४ डॉलर ६० सेंटच्या आसपास. माझी नेहमीची फेरी मिडलंड ते पेकोस आणि परत, १९० मैल. महिन्याला अशा बारा फेऱ्या. पेट्रोलचे साडेनऊशे डॉलर जात होते. तेलाच्या विहिरींमधून गाडी चालवायची आणि तेलापायीच खिसा रिकामा करायचा!

दुसरी अडचण मी सुरुवातीला ओळखलीच नव्हती. अण्णांना इथे काही कामच नव्हतं. आईची स्वयंपाकघराशी दोस्ती झाली होती, नातवंडं शाळेच्या सुट्टीत आपापल्या उद्योगात होती. अण्णा सकाळी पाचला उठून खिडकीशी बसायचे. एकदा आईला म्हणाले, "इथं मी म्हंजे टपावरचं सामान." ते मला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी त्यांना पेकोसला बरोबर घेतलं, आणि एक वही दिली.

तेव्हापासून ट्रकचा कारभार डेपोच्या शिस्तीत सुरू झाला. डॅशबोर्डवरचा आकडा अण्णांनी बाद केला. "त्यो गाडीवाल्याला खूश करायला लावलाय." टाकी काठोकाठ भरायची, फेरी करायची, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. शिवाय अण्णा गॅलनला मैल लिहीतच नसत. ते लिहीत, 'एका फेरीला किती.' मला हे आधी अडाणीपणाचं वाटलं. मग आठवलं, ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हेच मांडलं होतं. गॅलनला मैल हा आकडा माणसाला फसवतो. हजार मैलांच्या प्रवासात तीसची गाडी चाळीसवर नेली तर सव्वाआठ गॅलन वाचतात, पण दहाची गाडी नुसती बारावर नेली तर साडेसोळाच्या वर! म्हणजे खादाड गाडीतली थोडी सुधारणाही मोठी. अण्णांनी 'सायन्स' वाचलेलं नाही, पण डिझेल मोजून घेतलेलं आहे.

मग एकेक उपाय सुरू झाले. पहिला, टायर. मी हवा अंदाजानेच भरत होतो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीनं आकडा लिहिलेला असतो, तो पाळायचा. हवा कमी असेल तर दर एक पौंडामागे ०.२ टक्के इंधन जास्त जातं. माझी पंधरा पौंड कमी होती. दुसरा, मागच्या हौद्यातलं सामान. साखळ्या, जुने पाइप, आधीच्या मालकाच्या वाळूच्या गोण्या, सगळं उतरवलं. तीन टनांच्या धुडाला त्याचा फरक छोट्या मोटारीइतका पडत नाही, पण अण्णांच्या जिवाला बरं वाटलं.

तिसरा आणि खरा उपाय म्हणजे वेग. पेकोसच्या रस्त्यावर वेगमर्यादा ८० मैलांपर्यंत जाते आणि मी ती इमानदारीनं गाठत होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६५ ऐवजी ८० नं गेलं की हा विरोध दीडपट! आणि ट्रकचं तोंड तर भिंतीसारखं. ६५ नं गेल्यावर एका बाजूला फक्त सतरा मिनिटं जास्त लागली. १९७३ च्या तेलबंदीनंतर या देशानंही हेच केलं होतं. १९७४ साली कायद्यानं सगळीकडे ५५ ची मर्यादा आली आणि १९९५ मध्ये ती पूर्ण उठली.

बाकी सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एकानं सांगितलं, मागचं फळकट पाडून चालव, हवा निघून जाईल. आम्ही दोन्ही तऱ्हेनं फेऱ्या केल्या, पाडून फायदा शून्य. फळकट बंद असलं की हौद्यात हवेची एक वावटळ अडकून फिरत राहते आणि वरची हवा तिच्यावरून सरकून जाते. दुसऱ्यानं पेट्रोलच्या नळीला लावायचं लोहचुंबक सुचवलं. इथल्या पर्यावरण खात्यानं अशी शंभरावर यंत्रं तपासली, कामाची जवळजवळ नाहीतच. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं लिंबू बांधत्यात. त्ये स्वस्त पडतंय."

उतारावर गिअर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर अण्णांना कधीच पटले नाहीत. घाटात ब्रेक तापून जीव जातो म्हणून. आजची इंजिनं त्यांच्याच बाजूची आहेत! गिअरमध्ये उतरताना पाय काढला की पेट्रोल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. हे सांगितल्यावर अण्णा दिवसभर खुशीत होते.

आता चौथा उपाय. उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायचं. मोठं इंजिन एसी लावून उभं असलं तर तासाला अर्धा गॅलनपर्यंत पितं. अण्णांना हे फार लागलं. जुलैतला एक दिवस, बाहेर बेचाळीस अंश. मी "दहा मिनिटांत आलो" म्हणून एका विहिरीवर गेलो. अण्णांनी आपणहून इंजिन बंद केलं. मीटर अडला आणि मला चाळीस मिनिटं लागली. परत आलो तर काचा उघड्या होत्या, पण अण्णांचा शर्ट घामानं भिजलेला आणि डोळे वेगळेच. "गाडी कितीला सुटतीय?" त्यांनी मला विचारलं. मला ओळखलं की नाही, कळेना.

हात थरथरत होते माझे. एसी लावला, डोक्यावर, मानेवर पाणी ओतलं, ९११ ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत ते भानावर आले होते. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

परत येताना मी हिशोब केला. चाळीस मिनिटांचं पेट्रोल, दीड डॉलर. दीड डॉलरसाठी मी माझ्या बापाला त्या पत्र्याच्या भट्टीत बसवलं होतं. खरं तर त्यांनी बंद केलं कारण मला उपयोगी पडायचं होतं. इतके दिवस मी वहीतले आकडे बघत होतो, ते लिहिणारा माणूस नाही.

त्या रात्री वहीत मी एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'अण्णांचा एसी'. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "ह्ये ॲव्हरेजमधनं वजा करायचं का?" "नाही," मी म्हटलं, "ही फेरीची भाकरी." पुन्हा कधी त्यांनी इंजिन बंद केलं नाही, आणि मी त्यांना एकटं सोडलं नाही.

नोव्हेंबरात ते परत गेले. शेवटचा आकडा एसीसकट गॅलनला साडेतेरा, म्हणजे दहा लिटरला सत्तावन्न. फेरीमागे बारा लिटर वाचले, महिन्याला पावणेदोनशे डॉलर. वही ट्रकमध्येच आहे, आणि पुढची पानं आता माझ्या अक्षरात आहेत. रविवारी फोन लागला की तब्येतीची विचारपूस मागाहून होते. आधी अण्णांचा प्रश्न येतो, "फेरीला किती लागलं?"

मी खरा आकडा सांगतो. वाऱ्यामुळे वाढला असेल तर तेही सांगतो. डेपोत खोटं चालत नाही.