गडगडल्यावर उगवणारी अळमी

माझा भाचा डिचोलीला आठवीत आहे. दोन वर्षांत त्याने बारा गेम बनवले. पहिले अकरा मी सगळे खेळलोय, म्हणून सांगतो, ते अकराही एकच होते. तोच उड्या मारणारा गडी, त्याच विटा, तीच नाणी. टोपी तेवढी कधी लाल, कधी हिरवी, एकदा जांभळी. मामा असल्यामुळे मला दर वेळी 'मस्त' म्हणावे लागे.

मुलांना हे ठाऊक असेलच, मोठ्यांसाठी थोडे सांगतो. गोव्यात आता शाळांतून कोडिंग शिकवतात. त्यात स्क्रॅच असते, अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली आणलेले. त्यावर कोणीही ठेवलेला गेम उघडून आतली जोडणी बघता येते आणि 'रीमिक्स'चे बटण दाबून आपण पुढे वाढवता येते. मूळ कर्त्याचे नाव त्याखाली आपोआप राहते. त्यामुळे उड्यांचे इंजिन कोणी एकाने नीट बसवले, की बाकीची असंख्य मुले त्यावर आपापले गेम चढवतात.

इंजिन म्हणजे जादू नव्हे. वेग नावाचा एक आकडा असतो. उडी मारली की तो मोठा होतो, मग क्षणाक्षणाला त्यातून थोडे वजा होत जाते. शून्याखाली गेला की गडी पडू लागतो, जमीन लागली की पुन्हा शून्य. खुबी बारीक गोष्टींत असते. कडेवरून पाय सुटल्यावरही डोळ्याचे पाते लवेपर्यंत उडी मारू द्यावी लागते, नाहीतर खेळणाऱ्याला वाटते, बटण दाबले तरी याने ऐकले नाही. ही सवलत भाच्याने तिसऱ्या गेममध्ये काढून टाकली आणि चौथ्यात परत आणली. कोणी सांगितले नव्हते. खेळताना त्याचा त्यालाच राग आला, एवढेच.

बारावा गेम मात्र वेगळा निघाला. विटांच्या जागी चिरे आले. शत्रू म्हणून खनिजाचे ट्रक आले, ते मागे लाल धूळ सोडतात आणि त्या धुळीत पुढचे दिसत नाही. (डिचोलीच्या मुलाला याची कल्पना करावी लागत नाही.) मारिओत गडी मोठा करणारी अळंबी असते, तिथे याने आपली रोयणीवरची अळमी ठेवली. ती पाऊस पडून गडगडल्याशिवाय उगवतच नाही. म्हणजे खेळणाऱ्याने धावत सुटायचे नाही, रोयणीजवळ थांबून ढगांची वाट पाहायची, आणि मागून ट्रक येत असतो. मी तीनदा मेलो.

हा गेम त्याने एका प्रदर्शनात मांडला. परीक्षकांनी अर्धा मिनिट पाहिले आणि म्हणाले, "हा मारिओ आहे. तुझे स्वतःचे काय?" पोरगा घरी येऊन सगळे पुसायला बसला. ताईचा फोन आला, "तूच बोल बाबा त्याच्याशी."

मी त्याला डेव्हची गोष्ट सांगितली. आम्ही अकरावीत गेलो तेव्हा सरकारच्या सायबरएज योजनेतले संगणक घरोघर आले, आणि पेडण्यातल्या आमच्या घरी त्यावर अभ्यास सोडून जे काही झाले त्यात डेंजरस डेव्ह पहिला. तोही मारिओच्याच वळणाचा. १९९० साली त्याचा कर्ता जॉन रोमेरो जिथे काम करत होता, तिथल्या जॉन कारमॅक आणि टॉम हॉल या दोघांनी एका रात्रीत सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पहिली पातळी पीसीवर जशीच्या तशी उतरवली. फक्त मारिओच्या जागी डेव्ह घातला आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. नावातच 'कॉपीराइट भंग' असे लिहिले होते! निन्टेन्डोला नमुना पाठवला, त्यांनी नको म्हटले. पण ती नक्कल करताना पीसीवर पडदा गुळगुळीत सरकवण्याची युक्ती साधली होती. तीच वापरून त्यांनी वर्ष संपायच्या आत कमांडर कीन काढला, आणि तीन वर्षांनी डूम.

"पण त्यांना नको म्हटलंच ना?" भाचा म्हणाला. म्हटलंच. अँड्र्यू स्पिंक्सने २००९ साली सुपर मारिओ ब्रदर्स एक्स हा चाहत्यांचा गेम काढला, निन्टेन्डोच्या सांगण्यावरून २०११ साली तो त्याला थांबवावा लागला. त्याच वर्षी त्याचा टेरारिया आला. दुसऱ्याचे पात्र विकायला काढले तर मालक विचारणारच, आणि त्यात गैर काही नाही.

मला स्वतःला यात दशावतार दिसतो. आमच्या पेडण्याच्या जत्रांत रात्रभर पाहिलेला. आधी गणपती, सरस्वती, मग काळ्या कपड्यांतला, लांब लाल जिभेचा संकासूर, नंतर आख्यान, पहाटे दहीकाला. सगळ्या मंडळ्यांचा सांगाडा हाच. लिहिलेली संहिता नाही. एक बाकडे, तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. गोष्ट आजीपासून सगळ्यांना पाठ, तरी लोक थंडीत चादर गुंडाळून बसतात, कारण आज हा राजा बाकड्यावरून काय बोलेल ते कोणालाच माहीत नसते. त्याला कोणी विचारत नाही, तुझे स्वतःचे काय. अर्थात कंटाळवाणे राजेही मी पुष्कळ पाहिलेत, आणि पहिल्या अकरा गेमबद्दल माझे मत बदललेले नाही.

भाच्याने गेम पुसला नाही. परवा रात्री त्याचा तणतणत फोन. कोणा अनोळखी मुलाने त्याचा गेम रीमिक्स केला होता. ट्रकच्या जागी हत्ती, चिऱ्यांच्या जागी चहाचे मळे, आणि अळमीचा नियम सरळ उचललेला.

"मामा, माझं ढापलं त्यानं!"

"खाली नाव आहे का तुझं?"

थोडा वेळ नुसता माउसचा आवाज. "आहे." मग बराच वेळ काहीच नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो.

"थांब रे मामा, नंतर करतो. चौथ्या पातळीवर हत्ती दोन बाजूंनी येतात, आणि गडगडतच नाहीये."