मागच्या बाकावर कोणीच नव्हते

बी.एड. झाल्यावर आम्ही तिघी मैत्रिणी एकाच उर्दू हायस्कूलमध्ये शिक्षणसेवक म्हणून लागलो. तेव्हा मानधन महिना ४००० रुपये आणि मुदत ३ वर्षांची. अम्मींनी मोहल्ल्यात पेढे वाटले.

कॉलेजात एका सराव पाठासाठी आम्ही रात्र जागून टाचण काढायचो, तक्ते रंगवायचो. वर्गात मागे प्राध्यापक बसत आणि चुका लाल शाईने लिहून देत. शाळेत रोजचे सहा तास, वर्गात साठ मुली आणि चूक दाखवणारे कोणीच नाही. घसे बसले, पाय सुजले. त्यात पहिले चार महिने मानधनच आले नाही. एस.टी.च्या पाससाठी अब्बांकडे पैसे मागताना ते पेढे आठवायचे.

शेवटी मोकळ्या तासाला आम्ही एकमेकींच्या वर्गात मागे बसू लागलो. "तू पुढच्या दोन बाकांनाच प्रश्न विचारतेस," हे ऐकून राग आला, पण ते तिघींच्याही बाबतीत खरे होते. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावरच्या मुलीला वाचायला उभे केले. तिला फळाच दिसत नव्हता! तिला चष्मा हवा होता आणि आम्ही सहा महिने तिला मठ्ठ समजत होतो.

त्या दिवशी आमचे विद्यार्थीपण संपले. नोकरीत लाल शाई आपली आपणच चालवायची असते.

घरातले मूल नव्याने नोकरीला लागले की आपण आधी पगार विचारतो. संध्याकाळी ते थकून आले की एवढेही विचारा, "बेटा, आज काय शिकलास?"