अर्जातील ‘जर’

अर्जालाही व्याकरण असते, याकडे साहित्याचे अभ्यासक सहसा लक्ष देत नाहीत. शहापूर-मुरबाडमधील कातकरी व ठाकूर वाड्यांची कसती जमीन ज्या कागदावर अवलंबून असते, तो वनहक्काच्या दाव्याचा ‘नमुना अ’ मी एक संहिता म्हणून वाचला आणि त्यातील ‘जर-तर’ जाणवू लागले.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दावेदार अनुसूचित जमातीचा असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा जमिनीचा ताबा दाखवावा लागतो. तो ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असेल, तर त्या तारखेपूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्यही सिद्ध करावे लागते. पुढे कुटुंबातील इतर सदस्यांची नावे व वये येतात. एका नोंदीच्या पोटात अनेक नोंदी.

असा अर्ज संगणकावर आणताना आज्ञावलीकार सशर्त पडताळणी लिहितो: बाहेरच्या नोंदीने अट पुरी केली, तरच आतला रकाना सक्तीचा. ही अट लिहायची राहिली, की कातकरी दावेदारालाही तीन पिढ्यांचा पुरावा मागितला जातो. अट उलट बाजूने सैल राहिली, तर विवाहित दावेदाराच्या पत्नीचे नाव रिकामे राहूनही अर्ज पुढे सरकतो. कायद्याने मात्र हक्कपत्र दोघांच्या नावे द्यायचे असते.

कागदावर आडवी रेघ ओढता येते. ‘हा प्रश्न मला लागू नाही’ असे ती रेघ सांगते. पडद्यावर ती सोय मुद्दाम ठेवावी लागते. ठेवली नाही, तर अर्ज भरून देणारा पुढच्या पानावर जाण्यासाठी काहीतरी टंकतो, आणि ते असत्य दावेदाराच्या नावावर चढते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला त्रुटीची सूचना कळणार तरी कशी?

विशिष्ट स्वरूपाच्याच पुराव्याचा आग्रह धरू नये, असे २०१२ च्या सुधारित नियमांत म्हटले आहे. ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले कथनही पुरावा म्हणून चालते. एखादा रकाना सरसकट सक्तीचा केला, की कायद्याने ठेवलेली ही मोकळी जागा कोणताही आदेश न निघता बुजते.

म्हणून अशा अर्जाचे सगळे ‘जर’ आधी साध्या मराठीत लिहावेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत, असे मला वाटते. चुकीच्या जागी पडलेला ‘जर’ तिथली एखादी म्हातारीही चटकन ओळखील.